चौथ्या प्रवेशातली माणसं

"अजून थोडी खाली वाक ना गं. गरीब लोक असे ताठ उभे राहतात का?"

चर्चच्या हॉलमध्ये, पहिल्या तालमीला, स्टेजवर, सगळ्यांसमोर मला हे सांगण्यात आलं. माझ्या हातात पोचे पडलेला जर्मनचा वाडगा. अंगावर, माझ्याच पंजाबी ड्रेसवरून गुंडाळलेलं, कुठून तरी शोधून आणलेलं फाटकं लुगडं. वय त्रेचाळीस. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासते. त्या हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांची शुगर मला तोंडपाठ आहे. आणि मी तिथे भिकारणीचं सोंग घेऊन उभी होते. सोंग तरी कसं म्हणू? मला सांगितलं होतं, तुमचीच गोष्ट आहे, तुम्हीच करा.

मी वाकले.

समोर फादरच्या पांढऱ्या झग्यात सोसायटीतले एक रिटायर्ड बँक मॅनेजर उभे. त्यांनी माझ्या वाडग्यात खोटी दूधपावडर ओतली.

"आता वर बघ आणि हस," नाटक बसवणारी लोर्ना आंटी म्हणाली. "थँकफुल दिसलं पाहिजे."

मी हसले. टाळ्या पडल्या. मॅनेजरसाहेब म्हणाले, "सुपर्ब." घरी आले तर गालाचे स्नायू दुखत होते.

आमच्या चर्चची जुबिली होती. चर्च पूर्व उपनगरातलं आहे, रेल्वेलाइन आणि डोंगर यांच्या मधलं. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. जुबिलीनिमित्त चर्चचा इतिहास नाटकातून दाखवायचा ठरला. लिहिलं लोर्ना आंटीने, बसवलं तिनेच. गावठाणातलं तिचं घराणं जुनं. तिच्या पणजोबांनी चर्चला जमीन दिली, हे खरं आहे. आम्ही ते लहानपणापासून ऐकत आलोय, दर फेस्टच्या सणाला, दर भाषणात. नाटकात सुरुवातीला गोरे फादर शिडाच्या होडीतून येणार होते. मग पणजोबा जमीन देणार. मग घंटा येणार. चौथ्या प्रवेशात दुष्काळ पडणार आणि चर्च गरिबांना पोटाशी धरणार. शेवटी सूटबूट घातलेला क्वायर गाणार.

चौथा प्रवेश आमचा. आमचा म्हणजे मराठी मिस्साला, रविवारच्या सामूहिक प्रार्थनेला, येणाऱ्यांचा. हा मिस्सा दुपारी असतो, इंग्रजीवाले जेवून झोपलेले असतात तेव्हा. त्या मिस्सानंतर फादरनी जाहीर केलं, "आपल्या समाजालाही संधी मिळालेली आहे." वस्तीतल्या बायका खूश झाल्या. मीही झाले असेन. इतक्या वर्षांत आम्हाला स्टेजवर कुणी बोलावलंच नव्हतं.

आता आम्ही कोण ते सांगते. माझे आजा-आजी जालन्याकडचे. जातीने मांग. गावात पाणी वरून ओतायचे म्हणून आजाने बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याचं पाणीही वरूनच ओततात, असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. दुष्काळात गाव सुटलं. डोंगराच्या पायथ्याशी दगडाच्या खाणी होत्या, तिथे कामाला लागले. तेव्हा इथे चर्च म्हणजे पत्र्याची शेड होती. पक्कं चर्च बांधायला काढलं आणि दगड त्याच खाणीतून आला. आठवडाभर आमच्या माणसांनी मालकासाठी दगड फोडला आणि रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चसाठी वाहिला. फुकट. देवाचं काम म्हणून. आजी डोक्यावर चुंबळ ठेवून वाहायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा लहान होते. तेही लहान लहान धोंडे उचलायचे.

आणि हो, दूधपावडर मिळाली. मी खोटं बोलणार नाही. लापशीचा रवाही मिळाला. आप्पांना त्या लापशीची चव अजून आठवते. पण एकाच वर्षी, एकाच हातांनी दगडही वाहिला आणि वाडगाही धरला. वाडगा तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला. शाळेत पोरं आम्हाला "पावडरवाले" म्हणायची. माझ्या पिढीने ती पावडर डोळ्यांनी बघितलीसुद्धा नाही.

सरकारच्या लेखी आम्ही ख्रिस्ती, म्हणून अनुसूचित जातीची सवलत नाही. चर्चमध्ये आम्ही मांग, म्हणून मान नाही. आगीतून उठून फुफाट्यात.

मग कशाला वाकलीस, असं कुणीही विचारेल. खोलीसाठी.

आप्पा मोठे झाले आणि चर्चमध्ये कामाला लागले. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, फरशी धुवायची. त्यासोबत कंपाउंडात एक खोली मिळाली, शाळेच्या संडासांना लागून. माझा जन्म तिथलाच. लग्न होऊन मी बाहेर पडले, नवरा वारल्यावर लेकीला घेऊन परत तिथेच आले. आप्पांचं काम कधीच सुटलं, आता ते खुर्चीला खिळलेत, पण खोली राहिली. फादरच्या मेहेरबानीवर. कागद नाही, पावती नाही. मर्जी आहे तोवर छप्पर आहे. रात्री फाटक बंद झालं की चावी वॉचमनकडे. पाहुणा आला तरी विचारावं लागतं. जोरात भांडलो तरी चर्चच्या ऑफिसात ऐकू जातं, म्हणून आमच्या घरात भांडणंसुद्धा हळू आवाजात होतात.

बाहेर खोली बघायला गेले नाही असं नाही. गेले. स्टेशनजवळच्या सोसायट्यांत आधी आडनाव विचारतात, मग नॉनव्हेज. दोन्हींची उत्तरं चुकीची. इकडे आड, तिकडे विहीर.

ही "खोली जाईल"ची भीती मला आईच्या दुधासोबत मिळाली. एक आठवण सांगते म्हणजे कळेल.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. मरियामातेची मूर्ती तेव्हा रोज एका घरी मुक्कामाला जाते. संध्याकाळी आधीच्या घरून निघते, लोक मेणबत्त्या धरून गाणी म्हणत पुढच्या घरी पोचवतात, तिथे जपमाळ होते, मग चणे, केक, सरबत. आमच्या चर्चमध्ये मूर्ती उचलून न्यायचं काम आप्पांचं. जड होती. आप्पा ती छातीशी धरून घरोघर न्यायचे, उंबऱ्यावर घरमालकाच्या हातात द्यायचे आणि बाहेर थांबायचे. जपमाळ संपेपर्यंत बाहेर. चणे बाहेर आणून द्यायचे त्यांना, कागदाच्या पुडीत.

आमच्याकडे मूर्ती कधी आली नाही. आई दर वर्षी सप्टेंबरात खोलीला चुना मारायची. टेबलावर घालायला पांढरी चादर धुऊन, इस्त्री करून ठेवायची. मी सात-आठ वर्षांची असताना एका बाईंना विचारलं, "आमच्याकडे माता कधी येणार?" त्या म्हणाल्या, "अगं, तुमच्या कंपाउंडातच तर राहते ती! तुम्हाला काय गरज?" सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसत होते.

त्या वर्षी आईने आप्पांना हात जोडले. शेवटच्या दिवशी मूर्ती परत चर्चमध्ये न्याल, तेव्हा वाटेत दोन मिनिटं आत आणा. फक्त दोन मिनिटं. कोण बघतंय? आम्ही टेबलावर चादर घालून बसलो. मेणबत्ती लावली. आप्पा आले. दारासमोर थांबले. मूर्ती त्यांच्या छातीशी होती, मला तिचं निळं अंगवस्त्र दिसत होतं. आईने हात पुढे केले. आप्पा आईकडे बघत म्हणाले, "खोली जाईल गं." आणि पुढे गेले.

देवाची आई दारावर येऊन परत गेली, खोली जाईल म्हणून. आईने मेणबत्ती विझवली, उरलेली कपाटात ठेवली आणि भात लावला.  मला आप्पांचा राग आला होता. आज येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता तो, त्यांनाही.

तर नाटक. दुसऱ्या तालमीला माझी लेक रीना बरोबर आली होती. आठवीत आहे. मागे खुर्चीवर मोबाइल बघत बसली होती. लोर्ना आंटीची नजर तिच्यावर गेली.

"अरे, हिला पण घे ना! आई-मुलगी दोघी. फॅमिली असली की सीन एकदम खरा वाटतो."

मी काही बोलायच्या आत रीनाच्या हातात वाडगा आला. लहान, स्टीलचा. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. संगीत सुरू झालं. रांग पुढे सरकली. मी वाडगा पुढे केला, पावडर घेतली, बाजूला झाले. रीनाची पाळी आली.

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आपणहून वाकली. खांदे पाडले, मान खाली घातली, वाडगा दोन्ही हातांनी धरून कपाळापर्यंत नेला. माझ्याहून खाली. माझ्याहून छान. मग वर बघून हसली. तेच हसू. माझं.

"परफेक्ट!" लोर्ना आंटी ओरडली. "बघा, हिला शिकवावं लागलं नाही!"

 खरंच शिकवावं लागलं नव्हतं. शिकवणी घरात चालूच होती, जन्मापासून. फादर दिसले की मी कशी उठून उभी राहते, फाटकाशी वॉचमनशी मी कशी बोलते, ऑफिसातून बोलावणं आलं की मी ओढणी कशी सारखी करते. पोरगी बघत होती. माझ्या आईने मला, मी तिला. दागिना द्यावा तसं दिलं होतं आम्ही हे एकमेकींना.

मी रीनाच्या हातातला वाडगा काढून घेतला. माझा आणि तिचा, दोन्ही स्टेजच्या कडेला ठेवले. लुगडं सोडलं.

"काय झालं गं?" लोर्ना आंटी.

"आम्ही ह्या सीनमध्ये नाही."

"आता? अगं, जुबिली तोंडावर आलीय!"

"आंटी, माझी आजी ह्या चर्चचे दगड वाहायची. ते दाखवा. मी करते. रीनाही करेल."

ती हसली. हसण्यात वाईटपणा नव्हता. तेच जास्त लागलं. "दगड कसे दाखवणार स्टेजवर? आणि यू नो, लोकांना इमोशनल काहीतरी पाहिजे."

आम्ही घरी आलो. दारात रीना म्हणाली, "मम्मी, मी चुकीचं केलं का?"  तिला जवळ घेतलं आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले, हळू आवाजात.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना घरी ख्रिस्तशरीर, म्हणजे आशीर्वादित भाकरीचा तुकडा, द्यायला येतात. आप्पांकडेही आले. फादर माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. तरी मला बेटा म्हणतात. आप्पांच्या जिभेवर ख्रिस्तशरीर ठेवलं, प्रार्थना केली, आणि निघताना पत्र्याच्या छताकडे बघत म्हणाले, "बेटा, नाटकाचं काय ऐकतोय मी?"

मी पुन्हा दगडांचं सांगितलं.

"हे बघ, चर्च देव बांधतो. माणसं नाही."

"मग लोर्ना आंटींच्या पणजोबांना कशाला दाखवताय, फादर?"

 ते म्हणाले, "तू फार बोलायला लागलीस." आणि आप्पांना म्हणाले, "समजवा तिला. खोलीबद्दल कमिटी मला सारखी विचारते. मी सांभाळून घेतोय."

फादर गेले. आप्पा म्हणाले, "धर ना एकदा वाडगा. काय झिजणार आहेस का?"

"आप्पा, तुम्ही दगड वाहिले की नाही?"

"वाहिले."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"कुणी विचारलं?"

वस्तीत मी घरोघर फिरले. म्हटलं, कुणीच जाऊ नका चौथ्या प्रवेशात. काहींना पटलं. काही म्हणाले, आधीच का नाही सुचलं? सुशीलामावशी, माझ्या आईची मैत्रीण, दार अर्धंच उघडून म्हणाली, "तुझं बरोबर आहे गं बाय. पण माझा नातू फादरच्या चिठ्ठीवर शाळेत आहे. मला नको विचारू." मी विचारलं नाही. तिच्या गळ्याभोवतीचा दोर मला ओळखीचा होता.

जुबिलीच्या संध्याकाळी मी आप्पांना व्हीलचेअरवरून घेऊन गेले. रीनाही होती. शाळेचं मैदान भरलेलं. झगमगाट. फादर होडीतून आले, पणजोबांनी जमीन दिली, घंटा वाजली. मग चौथा प्रवेश.

वस्तीतल्या तिघीच होत्या. बाकी रांग भरायला सोसायटीतली क्वायरची पोरं घेतली होती. ती गोरी, म्हणून त्यांच्या तोंडाला तपकिरी रंग फासला होता. केस विस्कटले होते. एकाने पाय ओढत चालून दाखवलं, तर लोक हसले. सुशीलामावशी वाकली. पावडर घेतली. वर बघून हसली. तिचे दात पडलेत, त्यामुळे फारच खरं वाटलं. सगळ्यात जास्त टाळ्या त्या प्रवेशाला मिळाल्या. माझ्या पुढच्या बाईंनी डोळे पुसले.

तेवढ्यात आप्पा बोलले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्याने बोलतात. "दगड कुठाय?"

लोकांनी मागे वळून पाहिलं.

"दगड कुठाय? माझी माय कुठाय?"

"श्श." कुणीतरी म्हणालं. कमिटीचा एक माणूस वाकून माझ्या कानाशी आला. "आजोबांना बाहेर घेऊन जा. डिस्टर्ब होतंय."

मी उठले. त्याला वाटलं निघाले. मी व्हीलचेअरचा ब्रेक लावला.

"आम्ही बाहेर जाणार नाही," मी म्हटलं. आवाज फाटला माझा. मोठ्याने बोलायची सवयच नव्हती. "हा माणूस विचारतोय, दगड कुठे आहेत. ह्याच्या आईने वाहिलेत. कुणीतरी उत्तर द्या."

 स्टेजवर लोर्ना आंटीने हात केला, क्वायर सुरू झाला. सूटबूट, ऑर्गन, सगळं झकास. आम्ही शेवटपर्यंत बसलो. आप्पांचा हात माझ्या हातात होता.  घाबरलो होतो आम्ही दोघंही. धीट माणसं घाबरत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा उभं राहून बघावं.

पुढच्याच आठवड्यात कमिटीचा तोच माणूस आला. कंपाउंडाचं रिनोव्हेशन आहे. मे महिन्यापर्यंत खोली रिकामी करा. तो जाईपर्यंत मी उभी राहिले नाही, बसूनच ऐकलं. एवढीच प्रगती.

मी फादरकडे गेले. भांडायला नाही, नीट कळून घ्यायला. ते म्हणाले, "मुंब्र्याला, बदलापूरला स्वस्त मिळेल. तिथली चर्चेस चांगली आहेत. तिकडच्या फादरना मी शब्द टाकतो." मला आधी वाटलं, माणूस मदत करतोय. रस्त्यात लख्ख कळलं. आमच्यात माणूस कुठल्या चर्चचा, हे राहण्यावरून ठरतं. प्रत्येक चर्चच्या धर्मग्रामाची, म्हणजे त्याच्या भागाची, हद्द असते. आमची हद्द नाल्यापर्यंत. नाल्यापलीकडे राहायला गेलं की चर्च दुसरं. तिथल्या चर्चमध्ये मी कोण? नवीन आलेली बाई. तिच्या आजीने कुठे दगड वाहिले, कुणाला काय त्याचं? खोली घेऊन ते मला घराबाहेर काढत नव्हते, इतिहासाबाहेर काढत होते. तेही आशीर्वाद देऊन.

मावसभाऊ घाटकोपरला असतो. तो म्हणाला, "सोड ते सगळं. बाबासाहेबांनी वाट दाखवलीय, ये आमच्यात. निदान माणसासारखी जगशील." त्याचं चूक नाही. माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहेच, येशूच्या शेजारी. पण मी गेले तर ह्यांच्या मनासारखं होईल. पुढच्या नाटकाला रंग फासलेली पोरं पुरतील, आणि व्हीलचेअरवरून विचारायला कुणी नसेल.

तीन पिढ्या आम्ही खोलीला जपलं. खोली जाईल म्हणून बोललो नाही, मागितलं नाही, देवाच्या आईला दारातून परत पाठवलं. आम्हाला वाटायचं खोलीने आम्हाला आसरा दिलाय. तिने आमच्या तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि आम्ही रोज ते पुसून लख्ख ठेवत होतो.

वस्तीत वर, डोंगराला लागून एक खोली बघितली आहे. चढ आहे. आप्पांना उचलून न्यावं लागेल. पाणी पहाटे येतं, तेही घाई केली तर. रीना तोंड वाकडं करतेय, करू दे. खोली नाल्याच्या अलीकडे आहे. मी दोनदा जाऊन बघून आले, अलीकडेच आहे. भाड्याच्या करारावर माझं नाव असेल, आणि तिथे येताना कुणाला विचारावं लागणार नाही.

फादरना मी परवा सांगून आले. "आम्ही हद्दीतच राहतोय. आमची नावं इथेच राहतील."

"एवढा त्रास कशाला, बेटा?"

"बेटा म्हणू नका. मी तुमच्यापेक्षा मोठी आहे."

आता दर रविवारी मी सकाळच्या इंग्रजी मिस्साला जाते, पुढे बसते. माणसं बॅगा ठेवून जागा अडवतात. मी बॅग उचलून त्यांच्या मांडीवर देते. मिस्सा संपला की दारात उभ्या फादरना विचारते, दगडांचं काय झालं. दर रविवारी. त्यांना वाटतं मी कंटाळेन. मला इथून हलायचं नाही. जिवंत आहे तोवर विचारत राहीन. मेल्यावर ह्यांच्याच मातीत जागा मागेन.